रुग्णालयातली मारहाण: पहिला फटका बसण्याआधीची वेळ

रात्रपाळी (धागाकर्ती)

कॅज्युअल्टीत मारहाण झाली की दुसऱ्या दिवशी सगळे एकच वाक्य बोलतात, "एकदम अंगावर धावून आला." पण ड्युटीवरच्या प्रत्येकाशी वेगवेगळं बसून बोललं की चित्र बदलतं. तो माणूस बराच वेळ येरझाऱ्या घालत होता, हे मावशींनी पाहिलेलं असतं. "डॉक्टर कधी येणार" हे त्याने काउंटरवर पुन्हा पुन्हा विचारलेलं असतं आणि प्रत्येक वेळी त्याला वेगळं उत्तर मिळालेलं असतं. सोबतची माणसं वाढत चालली होती, ते गेटवरच्या गार्डला दिसलेलं असतं. प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता, पण ते जोडायची सोय कुठेच नव्हती.

हा धागा त्या आधीच्या वेळेबद्दल काढते आहे. मारहाण झाल्यावर निषेध होतो, काळ्या फिती लागतात, संप होतो, आणि तो राग मला पूर्ण समजतो. पण पुढची घटना टळावी म्हणून आपल्या वॉर्डात नेमकं काय बदललं, असं विचारलं की बहुतेक ठिकाणी उत्तर नसतं.

थोडी पार्श्वभूमी. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार ८ ते ३८ टक्के आरोग्य कर्मचाऱ्यांना नोकरीच्या काळात कधी ना कधी शारीरिक हिंसा सोसावी लागते. शिवीगाळ आणि धमक्या त्याहून कितीतरी जास्त. २००२ मध्येच आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, जागतिक आरोग्य संघटना, परिचारिकांची आंतरराष्ट्रीय परिषद आणि सार्वजनिक सेवांमधल्या कामगारांचा जागतिक महासंघ या चौघांनी मिळून आरोग्य क्षेत्रातल्या हिंसेबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली होती. म्हणजे प्रश्न नवा नाही आणि काय करायचं हेही बऱ्यापैकी ठाऊक आहे.

तरीही आपल्याकडे वरिष्ठ मंडळी नव्या मुलींना सांगतात, "या कामात हे चालायचंच." मला हे वाक्य मनापासून खुपतं. सुई टोचणं हाही एके काळी कामाचा भागच समजला जायचा. मग सुया टाकायचे कडक डबे आले, टोपण परत लावायचं नाही हा नियम आला, टोचली तर लगेच रक्ततपासणी आणि औषध सुरू करायची पद्धत आली. तो धोका मोजला गेला, त्याची जबाबदारी संस्थेवर आली आणि तो कमी झाला. मारहाणीलाही तसंच, मोजता येणारा आणि कमी करता येणारा धोका म्हणून वागवलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे.

तुमच्याकडे काय करून पाहिलं, कशाचा उपयोग झाला, कशाचा नाही, ते लिहा. रुग्णाच्या नातेवाइकांनीही लिहावं. रुग्णालयाचं, शहराचं, माणसांचं नाव मात्र कृपया कुणीही घेऊ नका.

---

ठाम_मत

रेसिडेंट डॉक्टर आहे. ताई, तुमचा हेतू चांगला आहे, पण मला हे उलटं वाटतं. मार आम्ही खायचा आणि सुधारणाही आम्हीच करायच्या? छत्तीस तास ड्युटी केलेल्या मुलाने समोरच्याचे हावभाव वाचत बसायचं? दोन-चार जणांना खरोखर शिक्षा होऊ दे, ती सगळ्यांना कळू दे, मग बघा कोण हात उचलतो. कायदे आहेत, पण एफआयआर नोंदवायलाच रुग्णालय कचरतं. "मिटवून टाका" म्हणतात. पहिली गोष्ट तिथून सुरू झाली पाहिजे.

---

रात्रपाळी

डॉक्टर, एफआयआरबद्दल शंभर टक्के सहमत. तक्रार संस्थेने संस्थेच्या नावाने द्यायला हवी. मार खाल्लेल्या माणसाने एकट्याने पोलिस ठाण्यात जाऊन बसायचं हे बंदच व्हायला हवं.

शिक्षेबद्दल मात्र थोडं वेगळं. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१८ च्या कायद्याने तातडीच्या सेवेतल्या कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्याची कमाल शिक्षा सहा महिन्यांवरून एक वर्ष केली, पुढे २०२२ मध्ये ती दोन वर्षं झाली. महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे हवंच. पण हे सगळे कायदे फटका बसल्यानंतर जागे होतात. कॅलिफोर्नियाने दुसरी वाट धरली. तिथे २०१४ मध्ये कायदा झाला आणि त्यावरून केलेले नियम २०१७ पासून लागू झाले. त्यात प्रत्येक रुग्णालयाला हिंसा रोखण्याची लेखी योजना करावी लागते, ती करताना कर्मचाऱ्यांना सोबत घ्यावं लागतं आणि प्रत्येक घटनेची नोंद ठेवावी लागते, जखम झालेली असो वा नसो. म्हणजे "तुमच्याकडे मारहाण झाली" याच्याही आधी "तुम्ही ती रोखायला काय केलं होतं" हा प्रश्न संस्थेला विचारला जातो. तुम्ही म्हणता तो भार तुमच्या खांद्यावरून उचलून व्यवस्थापनावर ठेवायचा रस्ता हाच आहे.

आणि छत्तीस तासांची ड्युटी हीच मुळात हिंसेची एक जोखीम आहे. थकलेल्या माणसाचा आवाज चढतो, उत्तरं तुटक होतात. तो मुद्दा अजिबात सोडू नका.

---

तिसरा_मजला

मनोविकार विभागात परिचारिका म्हणून बरीच वर्षं आहे. आमच्याकडे हावभाव वाचणं ही कुणाच्या अनुभवावर किंवा मर्जीवर सोडलेली गोष्ट नाही. त्यासाठी ब्रोसेट नावाची तपाससूची आहे, नॉर्वेतून आलेली. दर पाळीला सहा गोष्टी पाहायच्या: रुग्ण गोंधळलेला आहे का, चिडचिड करतो आहे का, आरडाओरडा किंवा दणदणाट करतो आहे का, तोंडी धमकी देतो आहे का, अंगावर येण्याचा आव आणतो आहे का, वस्तूंवर राग काढतो आहे का. असेल तर एक, नसेल तर शून्य. बेरीज शून्य असेल तर पुढच्या चोवीस तासांत धोका कमी. एक-दोन असेल तर मध्यम, म्हणजे आत्ताच काहीतरी करा. तीन किंवा जास्त असेल तर धोका मोठा आहे, एकट्याने जायचं नाही आणि योजना तयार ठेवायची.

भरायला पाच मिनिटंही लागत नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये तीव्र मनोविकारांच्या वॉर्डांमध्ये याची यादृच्छिक चाचणी झाली, म्हणजे कुठल्या वॉर्डात ही सूची वापरायची ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवून तुलना केली, २००८ मध्ये निकाल छापून आला. जिथे अशी नियमित नोंद सुरू केली तिथे गंभीर हल्ले ४१ टक्क्यांनी कमी झाले, आणि रुग्णाला बांधून ठेवणं किंवा कोंडणं यांसारखे सक्तीचे उपायही २७ टक्क्यांनी कमी झाले. हा दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आपण सुरक्षित झालो आणि रुग्णावरची जबरदस्तीही कमी झाली.

नुसत्या आकड्याने काही होत नाही, हेही सांगते. हँडओव्हरच्या वेळी, म्हणजे पाळी बदलताना, "पाच नंबर बेडचा ब्रोसेट तीन" असं म्हटलं की सगळ्यांचे कान टवकारतात. मग औषध वेळेवर गेलं का, दुखतंय का, झोप झाली का, शेजारच्या बेडशी काही वाजलंय का, हे पाहिलं जातं. खरं काम ते.

---

साधा_नातेवाईक

तुम्ही सांगितलंत म्हणून लिहितो आहे. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही.

वडिलांना रात्री आयसीयूत नेलं. दार बंद झालं. त्यानंतर कितीतरी वेळ आम्हाला कुणी काही सांगितलं नाही. दारातून कुणी बाहेर आलं की आम्ही उठून उभे राहायचो आणि ते मान खाली घालून निघून जायचे. एकाने "वाट बघा" सांगितलं, दुसऱ्याने "सही करा" म्हणून कागद पुढे केला, कसली सही ते विचारलं तर "प्रोसिजर आहे" म्हणाला. आमच्याबरोबरच्या एका नातेवाइकाचा आवाज तिथे चढला. त्याला बाजूला नेता नेता आमची दमछाक झाली.

तेवढ्यात एक सिस्टर बाहेर आल्या. त्या खुर्ची ओढून बसल्या, वडिलांचं नाव घेतलं, आत्ता काय चाललंय ते दोन वाक्यांत सांगितलं आणि म्हणाल्या, "मी परत येऊन सांगते, नवीन काही नसलं तरी येते." आणि त्या खरंच आल्या. नवीन काही नव्हतं, तरी आल्या. आमच्यातला तो ओरडणारा नातेवाईक नंतर त्यांच्याशी हात जोडून बोलत होता.

मारहाणीचं समर्थन मी कधीही करणार नाही. पण बंद दारासमोर बसलेल्या माणसाच्या डोक्यात काय चालतं, ते आतल्यांना कळावं असं वाटतं.

---

रात्रपाळी

दादा, मनापासून आभार. "नवीन काही नसलं तरी येते" हे वाक्य मी आमच्या वॉर्डात भिंतीवर लावणार आहे.

तुम्ही सांगितलं त्याला आधारही आहे. ब्रिटनच्या डिझाइन कौन्सिलने काही वर्षांपूर्वी अपघात विभागांसाठी एक प्रकल्प केला. त्यांनी नवीन गार्ड आणले नाहीत की कॅमेरे लावले नाहीत. भिंतींवर, छतावर, हातात द्यायच्या पत्रकावर एवढंच लिहिलं: तुम्ही आत्ता कोणत्या टप्प्यावर आहात, इथे काय होतं, यानंतर काय होणार, वाट का पाहावी लागते, तुमच्यानंतर आलेला माणूस आधी आत का जाऊ शकतो. दोन रुग्णालयांत करून पाहिलं तेव्हा धमकावणारे हावभाव आणि आक्रमक वागणं निम्म्याने कमी झालं. लोकांना काय चाललंय ते कळत होतं.

आमच्याकडे सर्वात जास्त भांडणं "आम्ही आधी आलो" यावरून होतात. जीवाला धोका असलेला रुग्ण आधी, ही साधी गोष्ट दारातच, ठळक अक्षरांत, समजेल अशा भाषेत लिहिलेली नसते. ती आपल्याला इतकी सवयीची झाली आहे की बाहेरच्याला ती माहीत नसते, हेच आपण विसरतो.

आणि वाईट बातमी. मृत्यूची बातमी कॉरिडॉरमध्ये, चालता चालता, सर्वात कनिष्ठ डॉक्टरने एकट्याने द्यायची हे थांबलं पाहिजे. बसायला जागा असलेली वेगळी खोली, वरिष्ठ माणूस, सोबत आणखी एक जण. आधी त्यांना काय माहीत आहे ते विचारायचं, मग सांगायचं, मग गप्प राहून त्यांना रडू द्यायचं. यासाठी स्पाइक्स नावाची सहा पायऱ्यांची पद्धत २००० सालापासून शिकवली जाते. बातमी देण्याआधी एकदा गंभीर स्थितीची कल्पना दिलेली असेल, तर शेवटचा धक्का एकदम बसत नाही.

---

रेखाटन

इमारतींच्या आखणीचं काम करते, त्यात काही रुग्णालयंही आली. आखणीच्या टप्प्यावर फार कमी जण हा विषय काढतात, म्हणून लिहिते.

नातेवाइकांशी बोलायच्या खोलीला दोन दारं हवीत, किंवा निदान कर्मचाऱ्याची खुर्ची दाराजवळ हवी. दार बाहेर उघडणारं असावं, म्हणजे आतून कुणी ते अडवून धरू शकत नाही. खुर्च्या जड किंवा जमिनीला बसवलेल्या असाव्यात, टेबलावर उचलून फेकता येईल असं काही नको. पण कर्मचाऱ्याची सुटका करायची म्हणून समोरच्याला कोंडू नका. त्यालाही बाहेर जायची वाट दिसली पाहिजे, कोंडलेला माणूस जास्त भडकतो.

काउंटरला उंच जाळी किंवा जाड काच लावायची मागणी होते. काही ठिकाणी ती लागते. पण त्यामुळे आवाज नीट पोहोचत नाही, लोक ओरडून बोलतात आणि वातावरण तापतं. रुंद काउंटर, ज्यावरून हात पलीकडे पोहोचणार नाही, हा बऱ्याचदा जास्त चांगला उपाय असतो.

सर्वात दुर्लक्षित जागा म्हणजे पार्किंग, ड्युटी रूमकडे जाणारा मागचा जिना आणि औषधसाठ्याची खोली. रात्री तिथे उजेड किती आहे, कॅमेरा आहे का, मोबाइलला रेंज आहे का, हे दिवसा पाहणी करणाऱ्याला दिसतच नाही. पाहणी रात्री दोन वाजता करा, आणि त्या वेळी तिथून खरोखर जाणाऱ्या सिस्टरला सोबत घ्या.

---

पहारा

रुग्णालयात सुरक्षारक्षक आहे. आमच्यावर सगळे दोन बाजूंनी बोलतात. काही झालं की "गार्ड कुठे होता", आणि आम्ही कुणाला अडवलं की "गार्ड उद्धट आहे".

आम्हाला कामावर घेतलं तेव्हा गेट, पास आणि रजिस्टर शिकवलं. रडणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं, दारू सोडल्यामुळे थरथरणारा माणूस कसा ओळखायचा, हे कुणी शिकवलं नाही. आम्ही ते बघून बघून शिकलो. समोरासमोर छाती काढून उभं राहायचं नाही, थोडं तिरकं उभं राहायचं. हाताच्या टप्प्याबाहेर, दोन हात लांब. आपले हात उघडे दिसले पाहिजेत. एका वेळी एकानेच बोलायचं. गर्दीत ज्याचं सगळे ऐकतात असा एखादा वयस्कर माणूस शोधायचा आणि त्याच्याशी बोलायचं. बघे आधी हलवायचे, कारण बघणारे असले की माणूस माघार घेत नाही.

धोक्याचं बटण आमच्याकडे आहे. पण ते दाबल्यावर घंटा वाजते ती ऑफिसात, आणि रात्री ऑफिस बंद असतं. ताईंनी व्यवस्थापनाला एवढं जरूर सांगावं की बटण महिन्यातून एकदा रात्री दाबून बघा, माणूस किती वेळात पोहोचतो ते मोजा.

---

कोरा_कागद

गुणवत्ता विभागात आहे. पहारा यांचा शेवटचा परिच्छेद मी आमच्या पुढच्या बैठकीत जसाच्या तसा वाचणार आहे.

प्रशिक्षणाबद्दल मात्र एक सावधगिरीची सूचना. मारहाण झाली की व्यवस्थापनाचा पहिला प्रतिसाद असतो, "कर्मचाऱ्यांना संवादकौशल्याचं प्रशिक्षण देऊ." एक दिवसाची कार्यशाळा होते, प्रमाणपत्रं वाटली जातात, विषय संपतो. कोक्रेन ही वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिने २०२० मध्ये या विषयावरचे अभ्यास एकत्र तपासले. प्रशिक्षणाने ज्ञान आणि आत्मविश्वास काहीसा वाढू शकतो, पण त्यामुळे हल्ल्यांची संख्या घटते असं काही दिसलं नाही. म्हणजे शिकवू नका असं नाही. फक्त शिकवून थांबू नका.

उपयोग कशाचा झाला त्याचं माझ्या आवडीचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. एका मोठ्या रुग्णालयसमूहातल्या ४१ विभागांवर अभ्यास झाला, २०१७ मध्ये छापून आला. निम्म्याच्या आसपास विभागांना त्यांच्याच विभागातल्या घटनांची आकडेवारी दाखवली: कोणत्या वेळी, कोणत्या कामाच्या वेळी, कुणावर. मग त्या विभागाच्या प्रमुखांनी आणि कर्मचाऱ्यांनी मिळून आपल्यापुरती योजना केली. सहा महिन्यांनी या विभागांत हिंसक घटनांचा दर बाकीच्यांच्या जवळजवळ निम्मा होता, आणि दोन वर्षांनी जखमाही स्पष्टपणे कमी होत्या. वरून एकच परिपत्रक सगळीकडे पाठवलेलं नव्हतं. प्रत्येक विभागाची योजना वेगळी.

त्याच मंडळींनी आधी एक गोष्ट तपासली होती. हिंसा सोसलेल्यांपैकी ८८ टक्के कर्मचाऱ्यांनी ती रुग्णालयाच्या अधिकृत प्रणालीत नोंदवलेलीच नव्हती. आकडेच नसतील तर योजना कशावर करणार?

---

ठाम_मत

नोंदवत नाहीत कारण नोंदवल्यावर पहिला प्रश्न येतो, "तू काय बोललास त्याला?"

---

कोरा_कागद

खरं आहे डॉक्टर. आणि तो प्रश्न आमच्यासारख्या विभागांतूनच येतो. आम्ही फॉर्ममधून "कर्मचाऱ्याचं वर्तन" हा रकाना काढून टाकायला लावला. चौकशीचा पहिला प्रश्न आता "तुला लागलं आहे का, घरी सोडायला कुणी हवं आहे का" हा असतो. त्यानंतर नोंदी वाढल्या. व्यवस्थापनातल्या एका साहेबांना वाटलं हिंसा वाढली. ती वाढली नव्हती, फक्त दिसायला लागली होती, हे त्यांना समजावण्यात बराच काळ गेला.

---

नाडीपरीक्षा

मेडिसिनची डॉक्टर. धाग्यात रागाबद्दल खूप आलं, पण आमच्या वॉर्डात सर्वात जास्त फटके, चावे, ओरखडे मिळतात ते रागावलेल्या माणसाकडून नाही, भ्रमात गेलेल्या रुग्णाकडून. ज्येष्ठ रुग्ण, संध्याकाळनंतरची वेळ, अचानक बदललेलं वागणं. त्याला आपण घरी नाही हे कळत नसतं, आणि अनोळखी माणसं हातात सुई घेऊन येताना दिसतात. तो स्वतःचा जीव वाचवत असतो.

त्यामुळे रुग्ण एकाएकी आक्रमक झाला की आधी वैद्यकीय कारण शोधा. रक्तातली साखर लगेच तपासा, साखर उतरल्यामुळे माणूस आडदांड होऊ शकतो आणि ग्लुकोज गेल्यावर थोड्याच वेळात शांत होतो. ऑक्सिजन बघा. लघवी तुंबली आहे का, मूत्रमार्गाचा संसर्ग आहे का, सोडियम किती, वेदना किती. दारू बंद होऊन दोन-तीन दिवस झाले आहेत का, कारण दारू सुटण्याचा तीव्र भ्रम साधारण त्याच सुमारास येतो. चष्मा आणि कानातलं यंत्र कपाटात ठेवलं असेल तर परत लावा. हात बांधणं हा अगदी शेवटचा उपाय. बांधल्याने भ्रम अनेकदा वाढतो.

या घटनाही नोंदवायलाच हव्यात. "त्याला कळत नव्हतं" म्हणून सिस्टरचं मनगट कमी दुखत नाही. इथे पोलिसांची गरज नसते. रात्री त्या वॉर्डात एक माणूस जास्त लागतो आणि दुसऱ्या दिवशी उपचारांचा फेरविचार लागतो.

---

घरोघरी

मी आरोग्यसेविका आहे, घरभेटी करते. आमच्यासाठी ना गार्ड, ना काउंटर, ना बटण. सगळी चर्चा रुग्णालयाच्या भिंतीच्या आतली वाटली म्हणून लिहिते.

आम्ही बायकांनी आपसात ठरवून घेतलं आहे. कुठल्या घरी किती वाजता, हे आधीच एकीला कळवायचं. बाहेर पडल्यावर पुन्हा कळवायचं. ठरलेल्या वेळेत निरोप आला नाही तर ती फोन करते, आणि फोनवर एक ठरलेला शब्द बोलला तर काय करायचं ते तिला माहीत असतं. आत गेल्यावर दाराजवळ बसायचं. घरात दारू प्यायलेला माणूस दिसला, हत्यार दिसलं, किंवा मोकळं कुत्रं दिसलं तर उंबरठ्यावरूनच परत, आणि परत आलेल्या बाईला "भेट का झाली नाही" म्हणून कुणी दटावायचं नाही. ही शेवटची गोष्ट वरिष्ठांकडून लेखी मिळवायला सर्वात जास्त त्रास झाला. भेटींचं उद्दिष्ट पूर्ण झालं नाही तर मानधनावर परिणाम होतो, मग बाई धोका पत्करून आत जाते.

---

रात्रपाळी

घरोघरी ताई, तुमचा मुद्दा आंतरराष्ट्रीय कराराच्या पातळीवर मान्य झालेला आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९० क्रमांकाचा करार २०१९ मध्ये मंजूर झाला आणि २०२१ मध्ये अमलात आला. त्यात कामाची जागा म्हणजे फक्त इमारत धरलेली नाही. कामासाठीचा प्रवास, विश्रांतीची जागा, कामाशी संबंधित फोन आणि संदेश, घरून कामावर येण्या-जाण्याचा रस्ता, सगळं त्यात येतं. सोबतच्या शिफारशीत रात्रपाळी, एकट्याने करायचं काम आणि आरोग्य सेवा यांचा वेगळा उल्लेख आहे. ज्या देशांनी करार स्वीकारला तिथे तो बंधनकारक आहे. इतर ठिकाणीही व्यवस्थापनासमोर ठेवायला तो भक्कम कागद आहे.

याच करारात हिंसा कुणाकडूनही होऊ शकते असं धरलं आहे. अमेरिकेतली व्यावसायिक सुरक्षा संशोधन संस्था, नायॉश, तिचे चार प्रकार करते: बाहेरचा गुन्हेगार, रुग्ण किंवा नातेवाईक, सहकारी, आणि कर्मचाऱ्याच्या खाजगी आयुष्यातला माणूस. आपण इथे दुसऱ्याच प्रकाराबद्दल बोललो. पण ज्युनिअरच्या अंगावर फाइल फेकणारे सर, नव्या सिस्टरला रडवणाऱ्या सिनिअर, आणि नवऱ्याच्या भीतीने ड्युटीच्या वेळा बदलून मागणारी सहकारी, हेही याच विषयात येतं. त्यावर स्वतंत्र धागा हवा, कुणीतरी काढा.

---

तिसरा_मजला

एक प्रश्न सगळ्यांना. आधी हल्ला केलेल्या रुग्णाच्या केसपेपरवर खूण करता का? आमच्याकडे लाल ठिपका सुरू केला. फायदा झाला, सकाळच्या पाळीला अंधारात राहावं लागत नाही. पण आता लाल ठिपका दिसला की काही जण त्या रुग्णाकडे जायचंच टाळतात, आणि दुर्लक्ष झालं की तो आणखी चिडतो.

---

नाडीपरीक्षा

आम्ही ठिपका ठेवला, पण त्याच्याशेजारी दोन ओळी लिहिणं बंधनकारक केलं. काय घडलं होतं, आणि कशाने तो शांत होतो. "मागून आवाज न देता जवळ गेल्यास घाबरतो, समोरून नाव घेऊन जावे." एवढं लिहिलं की ठिपक्याचा अर्थच बदलतो. प्रत्येक ठिपक्याला मुदत आहे, मुदत संपली की पुन्हा विचार करून ठेवायचा किंवा काढायचा. अमेरिकेतल्या अभ्यासांत असं आढळलं आहे की अशा खुणा कृष्णवर्णीय रुग्णांच्या नोंदींवर जास्त प्रमाणात लागतात. कुणाला "धोकादायक" ठरवताना आपले पूर्वग्रह शिरतात, म्हणून निर्णय एकट्याने घ्यायचा नाही. भ्रमात हात उचललेल्या रुग्णाला तर भ्रम उतरल्यावर ठिपका राहताच कामा नये.

---

घरोघरी

नोंदवायचा फॉर्म कसा असावा ते कुणी सांगेल का? आमच्याकडे नाहीच. आम्ही वहीत लिहितो.

---

कोरा_कागद

वहीत लिहिता हे फार चांगलं आहे, ते थांबवू नका. फॉर्म करणार असाल तर एका पानाच्या आत ठेवा. तारीख, वेळ, नेमकी जागा. कुणाकडून झालं: रुग्ण, नातेवाईक, सहकारी, इतर. शब्दांनी, धमकीने की अंगावर हात टाकून. त्या वेळी कोणतं काम चालू होतं, म्हणजे औषध देणं, वाट पाहायला सांगणं, पैशांबद्दल बोलणं, वाईट बातमी देणं, घरभेट. आधी काही दिसलं होतं का. सोबत कोण होतं आणि मदत यायला किती वेळ लागला. जखम झाली का. यापुढे काय बदललं तर हे टळेल, यासाठी दोन रिकाम्या ओळी, आणि त्या ओळी सर्वात आधी वाचा.

शिवीगाळही नोंदवा. "एवढंसं काय लिहायचं" असं वाटेल, पण महिन्याभराच्या नोंदी एकत्र मांडल्या की एकाच वस्तीत, एकाच वेळी, एकाच कामाच्या वेळी हे होतंय असं बऱ्याचदा दिसतं. फॉर्म मोबाइलवरून भरता यावा. नाव न देता भरायची सोय ठेवा. फक्त जखम झाली असेल तर नाव द्या आणि त्याच दिवशी वैद्यकीय तपासणी करून घ्या, कारण उपचाराचा खर्च, रजा आणि पोलिस तक्रार हे सगळं त्या कागदावर अवलंबून असतं. एक प्रत स्वतःजवळ ठेवायला विसरू नका.